कमोडचा अँगल कॉक घरच्या घरी दुरुस्त करणे किंवा बदलणे

कमोडच्या फ्लश टाकीखाली भिंतीतून बाहेर आलेला अँगल कॉक हा घरात सर्वांत कमी फिरवला जाणारा नळ असतो आणि त्याच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ यातच आहे. स्वयंपाकघरातला नळ दिवसभर उघडतो-मिटतो, त्यामुळे त्याच्या आतल्या भागांवर क्षार सहसा धरून बसत नाहीत. अँगल कॉक मात्र घराचा ताबा मिळतो त्या सुमारास एकदा उघडला जातो आणि पुढे वर्षानुवर्षे तसाच राहतो. मग एखाद्या दिवशी फ्लश टाकी भरून वाहू लागते, आपण कॉक बंद करायला जातो आणि तो फिरत नाही. किंवा फिरतो पण पाणी थांबत नाही. किंवा पाणी थांबते, पण मुठीच्या मुळाशी थेंब धरू लागतो.

पुण्यात या दुखण्याला पाण्याच्या स्रोताप्रमाणे वेगवेगळे रूप येते. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून महापालिकेमार्फत येणारे पाणी बोअरवेलच्या पाण्याच्या मानाने बरेच मऊ असते. वाघोली, उंड्री, पिसोळी अशा भागांतल्या ज्या सोसायट्या टँकरवर आणि बोअरवेलवर चालतात, तिथे मात्र कॉकच्या तोंडाशी पांढरा, कडक थर दिसतो आणि तोच थर आतल्या तबकड्यांवरही बसलेला असतो. शिवाय दुरुस्तीसाठी शहराचा पाणीपुरवठा बंद ठेवला जातो, तो दिवस बहुधा गुरुवारचा, आणि त्यानंतर पाणी सुरू होताना बारीक गाळ घेऊन येते. तो गाळ अर्धवट उघड्या ठेवलेल्या कॉकमध्ये अडकला की कॉक पुन्हा कधी पूर्ण मिटत नाही.

हे काम घरी करता येते, पण त्याआधी एक गोष्ट मनात पक्की असावी. कॉक ही दुकानात मिळणारी वस्तू आहे. भिंतीच्या आत टाइलमागे बसवलेले, आटे असलेले तोंड दुकानात मिळत नाही. ते बिघडले तर टाइल फोडावी लागते, पाईप कापावा लागतो आणि तशीच टाइल पुन्हा मिळेल याची खात्री नसते. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर काळजी घ्यायची आहे ती मुख्यतः भिंतीतल्या आट्यांची.

दोष नेमका कुठे आहे

पुष्कळदा कॉकवर उगाच आळ येतो. कमोडच्या भांड्यात सतत पाण्याची धार दिसत असेल तर दोष बहुधा फ्लश टाकीच्या आतल्या भागांत असतो. याची परीक्षा सोपी आहे. टाकी भरू द्यावी, अँगल कॉक पूर्ण बंद करावा, टाकीच्या आतील बाजूस पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने खूण करावी आणि अर्धा तास फ्लश करू नये. पातळी खाली गेली तर टाकीच्या तळाशी असलेला फ्लशचा वायसर पाणी सोडतो आहे आणि कॉक निर्दोष आहे. पातळी खुणेवरच राहिली, पण कॉक उघडताच टाकी काठापर्यंत भरून ओव्हरफ्लोच्या नळीतून पाणी वाहू लागले, तर पाणी भरणारा फ्लोट व्हॉल्व्ह खराब आहे. कॉक बंद असतानाही पाणी चढत राहिले तरच तो आतून धरत नाही, असे म्हणता येते.

बाहेरची गळती शोधताना आधी कॉक, कनेक्शन पाईप आणि भिंत कोरड्या कापडाने स्वच्छ पुसावी. मग टिश्यू पेपरचे तुकडे एकेका जागी टेकवून पाहावे: भिंत आणि कॉक यांच्यामधल्या गोल चकतीच्या मागे, मुठीच्या मुळाशी, कनेक्शन पाईपच्या नटाशी आणि टाकीला जिथे पाईप जोडला आहे तिथे. पाणी उताराने वाहत सर्वांत खालच्या टोकाला थेंब धरते, त्यामुळे थेंब जिथे दिसतो तिथेच गळती आहे असे समजू नये. वरून खाली क्रमाने पाहिल्यास पहिला ओला होणारा कागद खरी जागा दाखवतो. टाकीच्या नटाशी सुटलेले पाणी पाईपवरून ओघळत कॉकवर येते आणि चांगला कॉक विनाकारण बदलला जातो, हे फार वेळा घडते.

गळती किरकोळ वाटली तरी तिचा हिशेब करून पाहावा. साधारण वीस थेंबांचे एक मिलिलिटर धरले तर सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरहून थोडे अधिक पाणी होते. पाण्याच्या नुकसानीपेक्षाही ही ओल खालच्या घराच्या छतापर्यंत पोहोचते, ही बाब जास्त गंभीर आहे. चकतीच्या मागून येणारी गळती तर आतल्या आत भिंतीत मुरत राहते आणि आपल्या बाजूला फारसे काही दिसतही नाही, म्हणून त्या जागेचा कागद ओला झाला तर काम लांबणीवर टाकू नये.

पाणी बंद करणे

हा कॉक काढायचा म्हणजे त्याच्या मागचे पाणी बंद करावे लागते आणि पुण्यातल्या इमारतींमध्ये कामाचा निम्मा वेळ यातच जातो. काही सदनिकांत प्रत्येक स्वच्छतागृहासाठी भिंतीत दडवलेला स्टॉप कॉक असतो. तो बहुधा दाराच्या वरच्या बाजूला, बाथरूमच्या माळ्याशी किंवा ड्राय बाल्कनीत सापडतो. तसा नसेल तर गच्चीवरच्या टाकीतून निघालेल्या उभ्या लाइनीचा व्हॉल्व्ह बंद करावा लागतो. एका डक्टमधल्या उभ्या लाइनीवर वरपासून खालपर्यंतची सगळी स्वच्छतागृहे असतात, त्यामुळे सोसायटीच्या सचिवांना आणि त्या लाइनीवरच्या प्रत्येक घराला आदल्या दिवशी कळवणे आवश्यक आहे. सकाळी दहानंतर, कामावर जाणाऱ्यांची आणि शाळेची घाई ओसरल्यावर, दोन तासांची वेळ मागून घ्यावी. कोणता व्हॉल्व्ह कोणत्या लाइनीचा हे वॉचमनला किंवा सोसायटीच्या नेहमीच्या प्लंबरला विचारून घ्यावे. अंदाजाने व्हॉल्व्ह फिरवू नयेत, कारण गच्चीवरचे जुने गेट व्हॉल्व्हही याच दुखण्याचे असतात आणि एकदा फिरवलेला जुना व्हॉल्व्ह पुन्हा पूर्ण उघडेलच असे नाही.

व्हॉल्व्ह बंद करण्याआधी घरातला गिझर बंद करावा. लाइन रिकामी होताना गिझरच्या टाकीतले पाणी मागे खेचले जाऊ शकते आणि कोरड्या टाकीत कॉइल तापली तर ती जळते.

यानंतर कमोडचा अँगल कॉक आणि त्याच लाइनीवरचा सर्वांत खालचा नळ उघडून पाणी निघून जाऊ द्यावे. आपण खालच्या मजल्यावर राहत असलो तर वरच्या सगळ्या उंचीचे पाणी आपल्याकडे उतरते. एक इंची पाईपमध्ये मीटरमागे सुमारे अर्धा लिटर पाणी मावते, म्हणजे दहा मजली इमारतीच्या तळाशी लाइन रिकामी व्हायला पंधरा लिटर पाणी यायचे. ते दोन बादल्यांत धरून फ्लशसाठी वापरता येते. धार थांबायला वेळ लागला तर घाबरू नये. मात्र दहा-पंधरा मिनिटांनंतरही धार तशीच राहिली तर गच्चीवरचा व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेला नाही. येणारे पाणी कोमट असेल तर कारण वेगळे असते. पुण्यात पुष्कळ सोसायट्यांच्या गच्चीवर सौर बंब आहेत आणि बाथरूममधल्या मिक्सरचे गरम-थंड दोन्ही कॉक उघडे राहिले असतील तर सौर बंबाचे पाणी मिक्सरमधून थंड लाइनीत उतरत राहते. आधी आपल्या घरातले मिक्सर बंद करून पाहावे. तरीही फरक पडला नाही तर त्या लाइनीवरच्या शेजाऱ्यांना विचारावे.

कॉक न काढता होणारी दुरुस्ती

कॉकचे शरीर शाबूत असेल आणि भिंतीशी गळती नसेल तर तो भिंतीतून काढूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आतला स्पिंडल, म्हणजे मुठीने फिरणारा आणि पाणी उघड-बंद करणारा भाग, बदलून बहुतेक कॉक पुन्हा नीट काम करतात आणि भिंतीतल्या आट्यांना हातही लागत नाही.

मुठीच्या टोकावरची छोटी टोपी पातळ पेचकसाने अलगद उचकटावी किंवा बाजूला बारीक छिद्र असेल तर त्यातला स्क्रू ॲलन कीने सैल करावा. मूठ सरळ बाहेर ओढावी. क्षारांमुळे ती चिकटली असेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेले कापड अर्धा तास गुंडाळून ठेवावे. मूठ निघाल्यावर पितळेचा षटकोनी नट दिसतो. स्पिंडल याच नटाने शरीरात बसलेला असतो. एका हाताने कॉकचे शरीर कापड गुंडाळलेल्या पकडीने स्थिर धरावे आणि दुसऱ्या हाताने तो नट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावा. शरीर धरून न ठेवता नट फिरवला तर सगळा कॉकच भिंतीत फिरतो, आट्यांवरची टेप सुटते आणि किरकोळ दुरुस्तीतून भिंतीतली गळती निर्माण होते.

बाहेर आलेला स्पिंडल दोन प्रकारचा असू शकतो. जुन्या पद्धतीचा स्पिंडल तीन-चार वेढे फिरतो आणि त्याच्या टोकाला रबराचा वायसर असतो. वायसर चपटा किंवा फाटलेला दिसला तर त्याच मापाचा नवा घालावा आणि कॉकच्या आतली पितळेची बैठक बोटाने चाचपून पाहावी. बैठकीवर खाच लागत असेल तर नवा वायसरही फार दिवस टिकणार नाही. नव्या पद्धतीचा स्पिंडल पाव किंवा अर्ध्या वळणात बंद होतो आणि त्याच्या आत सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत तबकड्या एकमेकींवर सरकतात. त्यांच्यामध्ये वाळूचा कण अडकला असेल तर व्हिनेगरमध्ये बुडवून, जुन्या टूथब्रशने साफ करून तो पुन्हा चालू होतो. तबकडीवर ओरखडा दिसला तर पूर्ण स्पिंडल बदलणे हाच उपाय. नवा आणायला जाताना जुना स्पिंडल सोबत न्यावा. एकाच मापाचे दिसणारे स्पिंडल लांबीत, मुठीच्या दात्यांच्या संख्येत आणि बंद होण्याच्या दिशेत वेगळे असतात, त्यामुळे फोटो दाखवून खरेदी केली तर पुन्हा फेरी पडते.

मुठीच्या मुळाशी थेंब येत असेल आणि कॉक जुन्या पद्धतीचा असेल तर स्पिंडलभोवतीचा ग्लँड नट अष्टमांश वळणाएवढा आवळून पाहावा. तेवढ्याने थांबले नाही तर ग्लँड नट काढून दांड्याभोवती टेफ्लॉनची दोरी किंवा पिळून बारीक केलेली टेफ्लॉन टेप दोन-तीन वेढे गुंडाळावी. नव्या पद्धतीच्या स्पिंडलमध्ये हीच गळती रबरी ओ-रिंगमुळे होते. ओ-रिंग बदलताना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. गाडीचे साधे ग्रीस वापरू नये, कारण खनिज तेलाने काही प्रकारचे रबर फुगते.

गळती कनेक्शन पाईपच्या नटाशी असेल तर काम याहून सोपे आहे. पाईपच्या दोन्ही टोकांना रबरी वायसर असतात आणि पाणी अडवण्याचे काम तेच करतात. वायसर कडक झाले असतील तर पाईपच बदलावा, कारण स्टीलची जाळी असलेल्या पाईपच्या आतली रबरी नळीही तेवढीच जुनी झालेली असते.

खरेदी

शरीरावर चीर दिसते, बैठक खाचली आहे किंवा भिंतीशी गळती आहे, अशा वेळी मात्र पूर्ण कॉक काढावाच लागतो. नवा आधी घरात आणून ठेवावा आणि मगच जुन्याला हात लावावा. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हार्डवेअरची दुकाने ओळीने आहेत, आणि उपनगरांतही सॅनिटरीचे सामान मिळणारे दुकान जवळपास असतेच.

माप जवळजवळ नेहमी अर्धा इंच, म्हणजे १५ मिमी असते. पितळेचा, आयएसआय चिन्ह असलेला आणि हातात घेतल्यावर जड लागणारा कॉक घ्यावा. प्लॅस्टिकचे कॉक स्वस्त असतात आणि क्षारांनी ते गंजत नाहीत हेही खरे, पण त्यांचे आटे तुटून भिंतीत राहण्याचा धोका मोठा असतो. खालच्या मजल्यांवर हा विचार जास्त महत्त्वाचा आहे, कारण दर दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब वाढतो आणि अकरा मजली इमारतीच्या तळमजल्यावर कॉकवर सतत तीन बारच्या आसपास दाब असतो.

सोबत नवा कनेक्शन पाईप, टेफ्लॉन टेपची दोन रिळे आणि अर्ध्या इंचाचा एक प्लग आणावा. कॉक व टाकीमधले अंतर मोजून पाईप १८ किंवा २४ इंची घ्यावा. तो ताणून बसवावा लागू नये आणि त्याला तीव्र बाकही येऊ नये. प्लग फार उपयोगाचा असतो. मध्येच काही अडले, एखादा भाग जुळला नाही किंवा दुकान बंद निघाले तर भिंतीतल्या तोंडाला प्लग लावून इमारतीचे पाणी सुरू करता येते आणि शेजाऱ्यांना ताटकळत ठेवावे लागत नाही.

टू-वे अँगल कॉक घेण्याआधी एक खात्री करणे अत्यंत गरजेचे आहे. या कॉकला दोन तोंडे असतात, एक टाकीसाठी आणि दुसरे जेट स्प्रेसाठी. मोठ्या नव्या गृहसंकुलांत सांडपाणी प्रक्रिया करून तेच पाणी वेगळ्या लाइनीने फ्लशला दिले जाते. त्या लाइनीवर टू-वे कॉक लावला तर अंग धुण्याच्या जेटमध्ये प्रक्रिया केलेले सांडपाणी येईल. आपल्या संकुलात अशी वेगळी लाइन आहे का, हे सोसायटीच्या कार्यालयात विचारावे आणि असल्यास फ्लशच्या जागी साधा एकतोंडी कॉकच लावावा.

जुना कॉक काढणे

टाकी फ्लश करून रिकामी करावी, कमोडच्या भांड्यावर झाकण टाकावे आणि कॉकखाली पसरट भांडे ठेवावे. झाकण न टाकल्यास हातातून निसटलेला पाना थेट भांड्यात पडतो आणि सिरॅमिकला तडा जाऊ शकतो. कनेक्शन पाईपचा कॉककडचा नट आधी सोडवावा, मग टाकीकडचा. टाकीकडचा नट सोडवताना फ्लोट व्हॉल्व्हची प्लॅस्टिकची दांडी टाकीच्या आतून हाताने धरून ठेवावी, नाहीतर तीही फिरते आणि टाकीच्या तळाचा वायसर जागचा हलतो.

आता गोल चकती पुढे सरकवून मागे टॉर्च मारून पाहावा. सदाशिव किंवा नारायण पेठेतल्या जुन्या इमारतींत, वाड्यांत आणि बदल न झालेल्या बहुतेक जुन्या घरांत जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप असतो. नव्या इमारतींत सीपीव्हीसीचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकचा पाईप आणि त्याच्या टोकाला पितळी आटे बसवलेला अडॅप्टर असतो. दोन्हींना वेगळ्या पद्धतीने हाताळावे लागते.

सीपीव्हीसी असेल तर जोर कमी आणि सावकाश लावायचा. कॉकच्या शरीरावर, भिंतीच्या जितके जवळ पकडता येईल तितके, कापड गुंडाळून स्क्रू पाना बसवावा आणि उलट दिशेने सौम्य पण सलग दाब द्यावा. झटके देऊ नयेत. पाना मुठीवर किंवा पाण्याच्या तोंडावर अडकवून तरफेसारखा वापरू नये. तोंड तुटते आणि आटे आत राहतात. पितळी कॉकसोबत आतला अडॅप्टरही फिरतो आहे अशी जराही शंका आली, म्हणजे टाइलमागून कुरकुर ऐकू आली किंवा अडॅप्टरची कड हलताना दिसली, तर तिथेच थांबावे. त्या क्षणी थांबलात तर प्लंबरला केवळ आतला भाग धरून काम करता येते. पुढे रेटले तर भिंत फोडावी लागते.

जीआय पाईपच्या बाबतीत अडचण गंजाची असते. गंज सोडवणारे तेल आट्यांच्या सांध्यावर सोडून किमान तासभर थांबावे, जमल्यास आदल्या रात्रीच ते लावून ठेवावे. नंतर कॉकच्या शरीरावर लाकडी ठोकळ्याने हलक्या टिचक्या माराव्यात, कॉक आधी अगदी थोडा आवळण्याच्या दिशेने हलवून पाहावा आणि मग उलट फिरवावा. या छोट्या पुढे-मागे हालचालीने गंजाचा थर भंगतो. फार जुना पाईप असेल आणि कॉक हलतच नसेल तर तो घरी ओढत बसू नये. लोखंडी पाईप आतून किती खाल्ला गेला आहे हे बाहेरून कळत नाही आणि तो भिंतीत तुटला तर त्या दिवशी घरातच नव्हे, संपूर्ण लाइनीला पाणी मिळणार नाही.

कॉक निघाल्यावर भिंतीतल्या तोंडात टॉर्च मारून आटे पाहावेत. जुन्या टेपचे तुकडे, सुताचे धागे आणि क्षार टूथब्रशने व दात कोरण्याच्या काडीने काढावेत. लोखंडी टोकदार वस्तूने खरवडू नये. कोरड्या कापडाने आतून पुसून घ्यावे. काही कचरा आत गेला असेल तर दुसऱ्या कुणाला गच्चीवरचा व्हॉल्व्ह क्षणभर उघडायला सांगून बादलीत धार सोडावी.

नवा कॉक बसवणे

आधी टेप न लावता नवा कॉक हाताने फिरवून पाहावा. तीन-चार वेढे सहज गेले आणि कॉकची कड टाइलपासून पुरेशी बाहेर राहिली तर माप बरोबर आहे. टाइल जाड असल्याने भिंतीतले तोंड आत गेले असेल आणि कॉकचे आटे पोहोचतच नसतील तर पितळी एक्स्टेन्शन निपल लावावा. तो अर्ध्या इंचापासून दोन इंचांपर्यंत वेगवेगळ्या लांबीत मिळतो. निपल लावला की सांधे दोन होतात आणि दोन्हींना टेप लागते.

गोल चकती कॉकवर आधीच चढवून घ्यावी, कारण कॉक बसल्यावर ती घालता येत नाही. मग आटे आपल्या तोंडाकडे येतील असा कॉक धरून टेफ्लॉन टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून गुंडाळावी. दिशा उलटी झाली तर कॉक आवळताना टेप सुटत जाते. टोकाचा पहिला आटा मोकळा ठेवावा, म्हणजे टेपचा तुकडा पाण्यात जाऊन फ्लोट व्हॉल्व्हमध्ये अडकणार नाही. बाजारात मिळणारी टेप पातळ असते, त्यामुळे दहा ते पंधरा वेढे लागतात. शेवटी टेप बोटाने दाबून आट्यांत बसवावी. जीआयच्या झिजलेल्या आट्यांवर प्लंबर सूत आणि सफेदा (सांध्यावर लावायचा तेलयुक्त पांढरा लेप) वापरतात आणि तिथे ते योग्यही आहे, पण सीपीव्हीसीच्या अडॅप्टरवर फक्त टेप वापरावी. सुताच्या जाडीमुळे अडॅप्टरवर आतून ताण येतो आणि तेलयुक्त लेप सीपीव्हीसीला अपायकारक ठरू शकतो.

कॉक हातानेच आट्यांत धरावा. सुरुवातीला तो सरळ जातो आहे ना, हे दोन बाजूंनी पाहावे, कारण तिरका धरलेला पितळी आटा भिंतीतला आटा कापतो आणि त्याला नंतर इलाज नसतो. हाताने जाईल तितका फिरवून झाल्यावर कापड गुंडाळलेल्या पान्याने आवळावा. शेवटचे एक-दीड वळण जड जायला हवे. सगळाच कॉक हलका गेला तर तो काढून, जुनी टेप पूर्ण साफ करून, चार-पाच वेढे जास्त देऊन पुन्हा बसवावा. पाण्याचे तोंड आपल्या पाईपच्या दिशेला आले की थांबावे. तोंड पुढे निघून गेले म्हणून कॉक मागे फिरवायचा नाही, ही या कामातली सर्वांत जास्त मोडली जाणारी शिस्त आहे. टेपने धरलेला सांधा थोडाही मागे घेतला की तो गळतो, कधी लगेच तर कधी महिन्याने. अशा वेळी कॉक पूर्ण काढून नव्या टेपने पुन्हा सुरुवात करावी.

पाणी सोडणे आणि तपासणी

कनेक्शन पाईप जोडण्याआधी पाण्याची पहिली परीक्षा घ्यावी. नवा कॉक बंद ठेवून, बाथरूममधला एक नळ थोडा उघडा ठेवून गच्चीवरचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडायला सांगावे. उघड्या नळातून लाइनीतली हवा फुर्र करत बाहेर पडते. नळाची धार एकसारखी झाल्यावर तो बंद करावा आणि कॉकच्या मागच्या सांध्याला टिश्यू पेपर लावून दहा मिनिटे पाहावे. तो कोरडा राहिला तर कॉकच्या तोंडाखाली बादली धरून कॉक पूर्ण उघडावा आणि अर्धी बादली पाणी जाऊ द्यावे. लाइनीत सुटलेला गंज आणि गाळ अशा वेळी बाहेर पडतो. तो टाकीत गेला असता तर नवा कॉक बसवूनही फ्लोट व्हॉल्व्ह तुंबला असता.

आता कनेक्शन पाईप जोडावा. इथे आट्यांवर टेफ्लॉन टेप लावू नये, कारण पाणी वायसरने अडते आणि टेपमुळे नट पूर्ण बसत नाही. दोन्ही नट हाताने घट्ट करून पान्याने फक्त पाव वळण द्यावे. टाकीच्या प्लॅस्टिकच्या आट्यांवर याहून जास्त जोर लावला तर ते फाटतात. कॉक उघडून टाकी भरू द्यावी, तीन-चार वेळा फ्लश करावे आणि प्रत्येक सांधा पुन्हा कागदाने तपासावा. गिझर पुन्हा सुरू करण्याआधी गरम पाण्याचा नळ उघडून त्यातून सलग धार येते आहे ना, ते पाहून घ्यावे.

तपासणी त्याच दिवशी संपत नाही. रात्री सगळ्यांचा वापर थांबला की लाइनीतला दाब दिवसभरातला सर्वाधिक असतो, म्हणून झोपण्याआधी चकतीच्या मागे कोरडा कागद खोचून ठेवावा आणि सकाळी पाहावा. आठवडाभर हे केले तर भिंतीत मुरणारी गळती सुटत नाही. कागद कोरडा राहिल्यावरच चकती टाइलला टेकवावी. चकतीभोवती सिलिकॉन लावायचा असेल तर खालचा थोडा भाग उघडा ठेवावा, म्हणजे पुढे कधी सांधा गळला तर पाणी भिंतीत न मुरता बाहेर दिसेल.

कमोड आणि फरशी धुण्याच्या ॲसिडमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि त्याच्या वाफा कॉकचा मुलामा आणि पाईपवरची स्टीलची जाळी दोन्ही खातात. ते वापरलेच तर नंतर कॉक आणि पाईप साध्या पाण्याने धुऊन पुसावेत. कॉक दर दोन-तीन महिन्यांनी एकदा पूर्ण बंद करून पुन्हा पूर्ण उघडावा. टाकीत पाणी जोरात येते म्हणून तो अर्धा मिटून ठेवण्याची सवय अनेक घरांत असते, पण अर्धवट स्थितीत तबकड्यांच्या कडांवर गाळ घासत राहतो. टाकी हळू भरायची असेल तर ते नियंत्रण फ्लोट व्हॉल्व्हवर करावे.

गच्चीवरचा जो व्हॉल्व्ह आपण बंद केला होता त्याला लाइनीचे आणि सदनिकांचे क्रमांक लिहिलेली प्लॅस्टिकची पट्टी तारेने बांधावी आणि तीच नोंद सोसायटीच्या वहीत करून ठेवावी, कारण पुढच्या वेळी पाणी बंद करायची गरज रात्री अपरात्री आणि दुसऱ्याच कुणाला पडू शकते.